तीनदा ओढलेलं कुलूप

'कुलूपवाला' म्हणून गाजलेल्या त्या विनोदवीराचं पोट दादाच्या एका सवयीवर चालायचं. आईवडील गेल्यावर थोरल्या भावानंच त्याला वाढवलं. दादा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. धाकट्याला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घालायचा, ओढून बघायचा, चार पावलं जाऊन परत यायचा, पुन्हा ओढायचा. असं तीनदा. पोराला काही होऊ नये, एवढीच धास्ती. आणि आतलं पोर तिसरा खटका ऐकून खुदकन हसायचं.

मोठेपणी कारकुनी सोडून धाकटा माईकसमोर उभा राहिला. पहिल्या दोन कार्यक्रमांत काळं कुत्रंसुद्धा हसलं नाही. तिसऱ्यात त्यानं दादाचं कुलूप काढलं. ती चार पावलं, तो घाबरा चेहरा, तो हिसका! लोक खुर्चीतून पडायचे तेवढे बाकी राहिले. त्याचं बघून नवशिके विनोदवीरही घरची माणसं स्टेजवर ओढू लागले. त्याचं स्वतःचं मात्र अठरा वर्षं धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. नवं काही काढलं की मागून ओरड ठरलेली, "कुलूप! कुलूप!"

एकदा वहिनी म्हणाली, "भावजी, हे हल्ली घराबाहेरच पडत नाहीत. कुलूप लावायला गेले की जिन्यातली पोरं मोजायला लागतात, एक, दोन, तीन." दादाला याचं काय वाटतं, हे अठरा वर्षांत विचारायला या शहाण्याला फुरसत झाली नव्हती. तो शरमला. पुढच्या कार्यक्रमात कुलूप काढायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि दादाला आग्रह करून पहिल्या रांगेत बसवलं.

अर्ध्या तासात लोक चुळबुळू लागले. "कुलूप!" त्यानं हात जोडले. "आज नाही." शिट्ट्या, आरडाओरडा. तेव्हा दादा उठला, लोकांकडे वळला आणि हवेतलं कुलूप तीनदा ओढलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना तेही सोंग वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोघांना फिरायला न्यायला आला. वहिनी पुढे खाली गेली. दादानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि थेट जिना उतरू लागला.

"दादा, ओढून बघ ना."

"नको रे."

"अरे, जिन्यात कुणी नाहीये."

दादा थांबला. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तू आहेस की," तो म्हणाला.