आखाजीचे बोल आणि दुसऱ्या दिवशीचे

धुळ्याला मास्तर झाल्यापासून पोरं माझ्याकडे येतात. परीक्षेत आपटलेली, घरी मार खाल्लेली, जीव नकोसा झालेली. मी त्यांना सांगतो: जेवण चुकवू नका, जागरण करू नका, सकाळी पांझरेच्या काठानं घाम येईपर्यंत चाला, कोंडून बसू नका. पोरं माना हलवतात. शेवटी मी एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न मी पुस्तकात वाचलेला नाही. तो मला माझ्या धाकट्या बहिणीनं शिकवला, गिरणा नदीच्या वाळूत, माझा पुढचा दात पडला त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

आमच्या सात पिढ्या कपाशी वेचण्यात गेल्या. कॉलेजात गेलेला मी पहिला. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पुण्याहून बी.ए.ची परीक्षा देऊन मी गावी आलो, तेव्हा बहीण आखाजीसाठी माहेरी आलेली होती. तिचं सासर नदीपलीकडचंच गाव. गच्चीवर उभं राहिलं तर तिच्या घराचा धूर दिसायचा.

मी तिला ओळखलंच नाही. गाल बसलेले, पाठीवर आसुडाचे वळ, पोटरीवर सांडशीचा डाग. पण मला भीती वाटली ती तिच्या डाव्या मनगटाची. ते तिनं स्वतःच चावून चावून सोललं होतं. कुणी मोठ्यानं बोललं की ती मनगट तोंडात धरायची. बाकीच्या पोरी निंबाच्या झोक्यावर सासूचा, नणंदेचा उद्धार करत गाणी म्हणायच्या. ही खांबाला डोकं आपटत बसायची. रडायची नाही.

आई म्हणाली, बाहेरचं लागलंय. भगत आला. त्यानं हिचे केस धरले आणि निंबाच्या ओल्या फोकानं झोडायला सुरुवात केली. "बोल, कोन शे तू? बोल!" फोकाबरोबर चामडी निघत होती. मी त्याच्या हातातला फोक हिसकला, गुडघ्यावर मोडला आणि त्याला ओट्यावरून खाली ढकललं. त्याच क्षणी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थप्पड माझ्या कानाखाली बसली.

"बी.ए. व्हयना म्हंजे बापले शिकाडस का रे?"

"हो," मी म्हणालो. दुसरी बसली. पण भगत परत आला नाही.

मग मी माझे उपाय सुरू केले. थंड पाण्यानं अंघोळ. पहाटे मळ्यापर्यंत चालणं. मन खवळलं की बोलण्याआधी छाती भरून श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा. माझ्या शब्दाखातर ती सगळं करायची. एकदा श्वास सोडून माझ्याकडे बघत म्हणाली, "लिधा श्वास, भाऊ. आते काय करू? सोडीसन परत तठेच जानं शे ना?"

ती सासरचं बोलत होती. आबांनी शब्द दिला होता: आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी जावई येईल, पोर गाडीत बसेल. आई रात्री हळूच म्हणायची, ही आता गेली तर विहीर जवळ करेल. आबांना ते ऐकू यायचं. ते कूस बदलायचे.

आता आमच्या दोन गावांची रीत सांगायला हवी. आखाजीला पोरी गौराई बुडवायला डोहावर येतात. अलीकडच्या काठावर आमच्या, पलीकडच्या काठावर त्यांच्या. आधी शिव्या. आईबापांच्या, आज्या-पणज्यांच्या, तोंड विटाळेल अशा. मग गडी गोफणी काढतात आणि गोटे सुटतात. डोकी फुटतात, बरगड्या मोडतात. पण त्या दिवशीचं सगळं नदीचं. पोलीस पाटलाकडे जायचं नाही, डूख धरायचा नाही. पलीकडे दिलेली लेकसुद्धा त्या दिवशी माहेरच्या काठावर उभी राहते.

त्या आखाजीला बहीण माझ्याशेजारी उभी होती. समोर तिचा नवरा, उघड्या अंगानं, गोफण फिरवत. तो ओरडला, "आज नाची ले! सकाय मनाच घर येवानं शे तुले!"

उद्या तिला त्याच्याच घरी जायचं होतं. त्यांचा काठ हसला. हिनं मनगट तोंडाशी नेलं. आणि खाली घेतलं.

मग ती ओरडली. तो आवाज मी त्याआधी तिच्या गळ्यातून ऐकला नव्हता. पहिल्या दोन शिव्या रीतीच्या होत्या. त्यानंतर तिनं सांगायला सुरुवात केली. सांडशी कुणी तापवली. हात कुणी धरले. पोटात मूल असताना लाथ कुणी घातली आणि ते कुठे पुरलं. माणसांची नावं घेऊन, दोन गावांदेखत. पलीकडच्या बायकांनी उलटी शिवी द्यायची रीत. एक म्हातारी तेवढी पुटपुटली, "हाई काय बोली ऱ्हायनी वं?"

पहिला गोटा त्यानंच सोडला, तिच्या रोखानं. मी मध्ये आलो आणि माझं तोंड फुटलं. दात वाळूत पडला. रक्त गिळत मी गोफणीत गोटा भरत होतो, तेवढ्यात तिनं गोफण माझ्या हातातून ओढली. लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर, शेतातल्या मचाणावर, तीच बसायची. तेव्हा मी जळगावला शाळेत होतो. तिनं दोनदाच फिरवली आणि सोडली. त्याची भुवई उकलली. तो गुडघ्यावर आला. तिनं दुसरा भरला. तो खांद्याच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी या काठावर ऐकला. मी तिला अडवलं नाही.

त्या संध्याकाळी ती सांजोऱ्या आणि आमरस जेवली. पोटभर. आणि झोपली.

सकाळी गाडी आली. सासरा, दोन भाऊबंद, आणि डोक्याला फडकं, हात गळ्यात बांधलेला जावई. सासरा हसत ओट्यावर टेकला. "आखाजीना बोल नदीमा वाही जातस, व्याही. आमनं डोकं फुटनं, आम्ही काही बोलनूत का? चाल बेटी, बस गाडीमा."

रीतच होती ती. जखम मोजायची नाही, तर बोलही मोजायचे नाहीत. आबांनी मान खाली घातली. "बस," ते म्हणाले.

ती अंगणाच्या मधोमध आली. मी बघत होतो. तिनं छाती भरून श्वास घेतला, मी शिकवला होता तसा, आणि सावकाश सोडला.

"आज आखाजी नही शे," ती म्हणाली. "आते आयका."

आणि तिनं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी ओरडली नाही. सांडशी, हात, लाथ, पुरलेली जागा. अंगणात शेजारी जमले. नवऱ्यानं ऐकलं, ऐकलं, आणि धड असलेल्या हातानं तिची वेणी धरून तिला जमिनीवर आपटलं. वर लाथ उचलली.

ती लाथ पडली नाही. आबांनी गाडीच्या जुवातली शिवळ उपसली होती. बाभळीची खुंटी, हातभर लांब. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला, दुसरा वेणी धरलेल्या मनगटावर. तिसरा मी धरला, नाहीतर माणूस गेला असता. त्यांनी शिवळ सासऱ्याच्या पायाशी टाकली.

"बैलं जुपा, व्याही. पोर येत नही."

गाडी रिकामी गेली. त्यानंतर वर्षभर आमच्या कडब्याला दोनदा आग लागली, बांधावर माझ्या चुलतभावाचं डोकं फुटलं. तरी आबांनी पोर पाठवली नाही.

बहिणीचं मनगट लगेच बरं झालं नाही. खपली धरायची, ती पुन्हा चावायची. पण सुगीत ती माळ्यावर जाऊन बसली. पाखरं नसली तरी हाका घालायची, गोफण सोडायची. आवाज नदीपार जायचा. घसा बसला की उतरायची आणि भाकर मागायची.

म्हणून पोरांना जेवण, झोप, चालणं हे सगळं सांगून झालं की मी विचारतो, "कुणाला सांगितलंस?"

बहुतेक जण म्हणतात, "एकदा सांगितलं होतं, सर. त्यांनी मनावर घेतलं नाही."

मी म्हणतो, "मग श्वास घे. आणि चल, मी येतो बरोबर. पुन्हा सांग."