ताईचा श्वास आणि माझी चोपडी

त्या साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि म्हाताऱ्यासारखा थकलो होतो. दर रविवारी कल्याणला जाऊन चौकात भाषण करायचे, आठवडाभर ठाण्यात चोपड्या लिहायच्या, छापखान्यात उभे राहून मुद्रिते तपासायची आणि शिव्या खायच्या, असा माझा क्रम होता. दुपार झाली की पोटात आग पडे. मानेची शीर दिवसभर ताठ. लोकांना सुधारायला निघालेल्या माणसाला आपल्या स्वतःच्या घशाखाली दोन घास धड उतरवता येत नव्हते.

माझी सर्वांत खपलेली चोपडी प्राणायामावर होती. रोज सकाळी नाक धरून बसणाऱ्या पुरुषांना मी तीत बारा सवाल केले होते. नाक धरल्याने कोणाचे काय भले झाले, हा पहिला सवाल, आणि बाकीचे अकरा त्याच सुरातले. चोपडी लिहिताना माझ्यासमोर आमचे अप्पाच होते. अप्पा कलेक्टर कचेरीत कारकून. संध्येला बसले की अंगठा एका नाकपुडीला लावायचे, बोटे दुसरीला, आणि लगेच हात खाली. श्वास आत गेला नाही, बाहेर आला नाही. चाळीस वर्षे त्यांनी नाकाला नुसता हात लावला. त्यांच्या वडिलांनीही तेच केले असणार. मुंजीत भटजींनी मला शिकवले तेही एवढेच. श्वास कसा घ्यावा आणि किती वेळ सोडावा हे विचारायचे असते, हेच आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. मीही न विचारता सगळेच थोतांड म्हणून मोकळा झालो.

त्याच वर्षी ताई कल्याणहून परत आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नवरा तापाने गेला, सासरच्यांनी वर्ष होताच तिला आमच्या दारात आणून सोडले. आली तेव्हा बोलत नव्हती असे नाही. उलट मला टोमणे मारण्याइतकी शाबूत होती. पण दिवेलागणीला तिची छाती आवळायची. ती धापा टाकू लागे, हातांची बोटे आत वळत, ओठ बधिर होत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, ही आता जाते.

एका डॉक्टरने बाटली दिली. बाटलीने ती दिवसा पेंगू लागली, संध्याकाळचे मात्र तसेच राहिले. मग आळीतल्या बायकांनी निदान केले की नवऱ्याने धरले आहे. आईला ते पटले. खाडीपलीकडे एक भगत होता. तो मिरच्यांची धुरी देई आणि वेताने भूत काढी. येत्या अवसेला ताईला तिकडे न्यायचे ठरले. मी अप्पांशी भांडलो. धापा लागणाऱ्या माणसाच्या नाकात मिरचीचा धूर घालायचा, हे कोणत्या अकलेचे, असे मी त्यांना तोंडावर विचारले. ते म्हणाले, मग तुझ्याकडे काय आहे ते सांग. माझ्याकडे बारा सवाल होते. अवसेला अठरा दिवस होते.

आमच्या घरात मासे खातात. ताईचे अर्थातच बंद झाले होते, पण ते निवडून घेण्याचे काम तिच्याकडेच राहिले; चांगले बोंबील तिच्याइतके कोणाला कळत नसत. जे खायचे नाही ते रोज हाताळून बघायचे. या रिवाजावर मी अजून चोपडी लिहिलेली नाही. तर खाडीकाठच्या चेंदणीची एक म्हातारी कोळीण मागच्या दारी पाटी घेऊन येई. भगताचे ठरले त्याच आठवड्यात एकदा तिला उशीर झाला, दिवे लागायची वेळ झाली आणि पाटीपाशी बसल्या बसल्या ताईला झटका आला. मी आतून धावत गेलो. म्हातारीने मला हातानेच थांबवले. तिने ताईची पाठ आपल्या गुडघ्याला टेकवली आणि म्हणाली, "बाय, तू नुसती घेतंस. सोरत नाय. वल्हं वरताना सास भायेर टाकायचा, मंग आत आपसूक येतो. टाक. लांब टाक."

मग ती स्वतःच वल्हे ओढल्यासारखी मागेपुढे झुलू लागली आणि तिच्याबरोबर ताईही. म्हातारी तोंडाने हलकेच हूं करीत राही, आणि तो हूं संपेपर्यंत ताईने श्वास सोडायचा. थोड्या वेळाने ताईची बोटे सरळ झाली. म्हातारीने पाटी आवरली आणि बोंबील घ्यायचे आहेत की नाही, असे विचारले.

मी तिथेच उभा होतो. श्वास घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला, हे मी पूर्वी वाचले होते. चोपडीसाठी मीच जुन्या पोथ्या चाळल्या होत्या, आणि ते वाक्य थट्टा करायला सोयीचे नाही म्हणून सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवसापासून ताई मागच्या पडवीत बसू लागली, पहाटे आणि दिवे लागण्याआधी. मी शेजारी बसून आकडे मोजी. चारपर्यंत घेणे, आठपर्यंत सोडणे. ती म्हणाली, "तुझ्या चोपडीप्रमाणे याचा काही उपयोग नाही ना रे? मग मोठ्याने कशाला मोजतोस?" मी पुढचा आकडा हलक्या आवाजात मोजला. मीही तिच्याबरोबर श्वास सोडत होतो. माझी मान सैल झाली असे म्हणणार नाही; पण दुपारी भात पोटात राहू लागला. ताईचे झटके आधी हलके झाले, मग एक दिवस आलाच नाही, मग सलग तीन दिवस आला नाही. एका संध्याकाळी ती नवऱ्याबद्दल बोलली, पहिल्यांदाच, आणि रडली, आणि रडतानाही बोटे सरळ राहिली. आई म्हणाली, अवसेचे बघू पुढे.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावे. मी एका पानाचे हस्तपत्रक लिहिले. या गावातली एक विधवा, तिला अमुक झटके, तिचा भगताकडे बळी जाणार होता, प्राणायामाने ती बरी होत आहे, आणि हा अधिकार बायकांना नाही म्हणणाऱ्यांनी आता तोंड दाखवावे. नाव घातले नव्हते. मला वाटले, नाव घातले नाही म्हणजे झाले. कागद कचेरीत पोचला आणि कोणीतरी अप्पांच्या टेबलाशी उभे राहून तो मोठ्याने वाचला. आमच्या आळीत बरी होत असलेली विधवा एकच होती.

अप्पा घरी आले ते दिवे लागायच्या सुमारास. ओरडले नाहीत. कागद ताईसमोर ठेवला आणि म्हणाले की बायकांनी जे करायचे नाही ते माझ्या घरात चालले आहे हे आता सगळ्या कचेरीला कळले. पडवीतले बसणे बंद, आणि अवसेला भगताकडे जायचे. ताईने कागद वाचला. सगळा वाचला. वाचता वाचता तिचा श्वास चढू लागला, बोटे वळू लागली.

मी पुढे होऊन मोजायला लागलो, एक, दोन. तिने वळलेला हात वर केला.

"तू नको मोजूस."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागेपुढे झुलत होती, हूं करत होती. अप्पा उभेच होते. अंगरखाही काढला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्यांचा हात नकळत नाकाकडे गेला होता आणि तिथेच थांबला होता. हळूहळू तिचा हूं लांबत गेला. ताईचे हात मांडीवर उघडे पडले. ती वळली आणि अप्पांना म्हणाली, "धुरी दिलीत तर एवढंसुद्धा राहणार नाही माझ्याकडे."

अप्पा आत गेले. आईला म्हणाले, अवसेचे राहू दे. पडवीबद्दल त्या दिवशी काही बोलले नाहीत, पुढेही नाही.

मग ताई माझ्याकडे वळली. मला वाटले होते, चिडेल. तिच्यात चिडायचे बळ नव्हते. "घरात माझं म्हणून काही उरलं नाही," ती म्हणाली. "श्वास तरी छापू नकोस."

पुढच्या रविवारी कल्याणला आमची सुधारक मंडळी खूश होती. कागद गाजला होता, दुसरी छपाई काढायची होती, ताईचे चार शब्द मिळाले तर फारच उत्तम. मी नाही म्हणालो. कारण सांगितले नाही. बापाला घाबरला, असे एकजण मागे बोलला. मी ऐकले आणि ऐकून सोडून दिले. उरलेला गठ्ठा छापखान्यातून आणून मी न्हाणीच्या चुलीत घातला. बारा सवालांची चोपडीही पुन्हा काढली नाही, पण ती चुकली असे जाहीरही केले नाही. तेवढा दम अजून जमलेला नाही.

हे लिहून झाल्यावर, छापायचे की नाही ते तिनेच ठरवावे म्हणून, मी ताईला वाचून दाखवले. तिने दोन वाक्ये काढायला लावली, म्हातारीचे नाव खोडले आणि बोंबलांचे राहू दे म्हणाली.