घाटकोपरहून बोरिवलीला, आठ साड्या धुवायला

आमच्या घाटकोपरच्या चाळीत नळाला पाणी यायचं ते पहाटे, आणि घरातले हंडे भरेपर्यंत जायचंसुद्धा. तेवढ्या पाण्यात भावसारकाकांचं कापड धुणं अशक्य होतं. म्हणून एका रविवारी काका, काकू आणि मी, अशा आम्ही तिघांनी आठ साड्यांची गाठोडी बांधली आणि नदी गाठायला निघालो. गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती.

काका आणि इंदूकाकू आमच्या भिंतीपलीकडे राहायचे. कापड रंगवणं हा काकांचा घराण्यातला धंदा. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, सुकलं की लाकडी ठशांनी त्यावर तुरटीची खळ छापायची. तुरटी लागली तिथेच पुढे लाल रंग धरतो. पण रंगात उकळण्याआधी जादाची तुरटी वाहत्या पाण्यात निघून गेली पाहिजे, नाहीतर ती पसरते आणि सगळी साडी डागाळते. इथेच घोडं अडलं होतं. दादरच्या एका दुकानवाल्या बाईंनी साड्या मागितल्या होत्या, पसंत पडल्या तर दर महिन्याला घेणार होत्या. दुसरीकडे मरोळच्या एका रंगखात्यातून काकांना नोकरीला बोलावणं होतं. काकूला वाटे, नोकरी धरावी. काका म्हणत, "एवढ्या आठ निघू देत."

माझं जायचं ठरवलं आईनं. "जा गो तू," ती म्हणाली. "इंदू एकटी गाठोडी कशी उचलतली?"

अंधेरीच्या बसमध्ये गर्दी नव्हती, पण हिरड्याचा वास सुटला होता. कंडक्टरनं गाठोड्यांकडे पाहून विचारलं, "मावशी, काय भरलंय यात?"

"साड्या आहेत. हिरडा लावलाय," काकू म्हणाली.

"पोटासाठी घेतात तो?" त्यानं पायानं गाठोडी आपल्या सीटखाली सरकवली. "मग बसा आरामात."

मरोळला काकूनं आम्हाला उतरवलं. पूर्वी काका इथेच मिठी नदीवर कापड धूत. इथेच जमलं तर पुढची पायपीट वाचेल, असा तिचा हिशोब. पुलाखाली पाणी होतं, पण जांभळं. वर फेस तरंगत होता. पलीकडच्या भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता आणि त्यातून ते जांभळं पाणी पडत होतं. काका काठापर्यंत गेले, पण वाकले नाहीत.

"हेच ते रंगखातं," परत येऊन ते म्हणाले. "मला बोलावतात ते."

काकूनं गाठोडी पुन्हा काखेत मारली.

अंधेरी स्टेशनबाहेर उसळपाव खाल्ला. तिखट होता, पण गरम होता. तिथून बोरिवलीची बस फार वेळानं आली. उभं राहून माझ्या पायांची वाट लागली. काकू गाठोड्यावर डोकं टेकून झोपली होती. बोरिवली पूर्वेला उतरून नॅशनल पार्काच्या बाजूनं चालत गेलं की दहिसर नदी लागायची. हे वाचून आज कुणी तिथे जाणार असेल तर सांगते, भिंतींमधली नदी पाहून हिरमोड होईल. तेव्हा तिथे खडक होते, करंजाची झाडं होती, आणि पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत.

आणि परीट होते. दगडांवर पांढऱ्या चादरींचे ढीग. आमची पिवळट कापडं पाहून एक बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. तिचं नाव पारूबाई, हे नंतर कळलं.

"रंगाचं काम इथं नाय. माझ्या चादरी हॉटेलच्या आहेत."

"रंग नाही, बाई, नुसती तुरटी आहे," काका म्हणाले.

"तुम्ही म्हणाल हो. डाग पडला तर हॉटेलवाला मला धरणार."

काकांनी वाद घातला नाही. ते खाली बसले. एवढ्या लांब येऊन आता परत फिरायचं? शेवटी काकूनंच विचारलं, "तुमच्या चादरी कधी उचलणार?"

"जेवायच्या आधी."

"मग आम्ही थांबतो. आणि तुमच्या खालच्या अंगाला धुतो."

पारूबाईनं जरा विचार केला आणि मान डोलावली.

दुपारी आम्ही पाण्यात उतरलो. काका मधे, आम्ही दोघी दोन टोकांना. साडी पाण्यावर सैल सोडायची, घासायची नाही, प्रवाहानंच तिला धुवायचं. खालच्या पाण्यात दुधाळ रेघ वाहत जायची आणि काका ती विरेपर्यंत बघत राहायचे. पाचव्या साडीला त्यांच्या पोटरीत पेटका आला. आम्ही त्यांना धरून खडकावर बसवलं. ते पाय दाबत म्हणाले, "तुम्ही चालू ठेवा, मधे थांबलं तर डाग पडतो." पण काकूला धाप लागली होती आणि साडी माझ्या हातून निसटत होती. तेवढ्यात पारूबाई लुगडं खोचून पाण्यात आली आणि तिनं मधला भाग पकडला.

"सोडू नकोस गं," ती मला म्हणाली. "किती नाजूक धुता तुम्ही लोक."

साड्या खडकांवर वाळत घातल्या, पण शेवटच्या दोन ऊन उतरेपर्यंत ओल्याच राहिल्या. ओलं गाठोडं बसमध्ये घ्यायला कुणी तयार होईना. हायवेवर एका भाजीच्या टेम्पोवाल्याला दया आली. रिकाम्या करंड्यांमध्ये बसून आम्ही घाटकोपरला आलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी चाळीच्या मागे तांब्याचं भांडं चढवलं. धुरावरून शेजाऱ्यांची कुरकुर झाली, ती आईनं निस्तरली. आठही साड्यांवरचे ठसे लालभडक उठले, बाकीचं कापड स्वच्छ, एकाही साडीवर डाग नाही. दादरच्या बाईंनी त्या सगळ्या ठेवून घेतल्या.

त्या रात्री जेवताना काकू एवढंच म्हणाली, "रंग छान आला. पण माझ्यानं हे पुन्हा होणार नाही." काकांनी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. पुढच्या सोमवारपासून ते मरोळला जाऊ लागले.

मला अजून वाटतं, काकांचं काम बिघडलं असतं, साड्या कुणी नाकारल्या असत्या, तर त्यांनी नोकरी का धरली ते समजणं सोपं गेलं असतं. पण सगळं नीट झालं होतं. फक्त आम्ही तिघंही फार दमलो होतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करायचं होतं.

पुढच्या महिन्यात दुकानवाल्या बाई स्वतः चाळीत आल्या. काका नुकतेच कामावरून आले होते, खात्याचा खाकी सदरा अजून अंगावर होता. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा दिला.

"कापड छापून देईन," ते म्हणाले. "धुवायला तुम्ही याल का बरोबर?"

बाई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. काका मात्र कप हातात धरून उत्तराची वाट बघत होते.