बिनलग्नाचं वऱ्हाड

महाडच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. ठमाबाई तिथे दर रविवारी येते आणि आजवर तिने माझ्याकडून साधा चमचा घेतलेला नाही. येते, पातेल्यावर बोटाने टकटक करते, कान देऊन ऐकते, "पातळ हाय शेट, दूध लागंल तळाला," असं भर गिऱ्हाइकासमोर जाहीर करते आणि पुढच्या दुकानात जाते. आधी आधी मी चिडायचो. मग ती एखाद्या रविवारी आली नाही तरी चिडायला लागलो.

ठमाबाई कुडपणच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. दोन म्हशी, चार शेळ्या, नाचणीचं शेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा अनिल मुंबईकडे. डोंगरावरची बाकीची माणसं महाडला कामाने येतात. कुणाला दवाखाना असतो, कुणाला तहसील कचेरी. ठमाबाई येते ती निव्वळ फिरायला. शेजारच्या नाथूवर म्हशी सोपवते, जीपने पोलादपूर गाठते, तिथून एसटीने महाड, आणि मग बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालते. कापडवाल्याकडचे पदर हात लावून बघते. फोटो स्टुडिओच्या काचेतली नवरी बघून "ही पोरगी हसत का नाय?" अशी चौकशी करते. रसवंतीवर बसून येणारे-जाणारे न्याहाळते. काय घ्यायला आलात, असं कुणी विचारलं की तिला रागच येतो. "घ्यायलाच कशाला याया पायजे? देवळात काय घ्यायला जाता तुमी?"

गेल्या दिवाळीत मात्र घात झाला. आमची बाजारपेठ म्हणजे दोन्ही कडांना दुचाक्या, मध्ये टेम्पो, टेम्पोमागे गाडी आणि उरलेल्या जागेत हॉर्न. रिव्हर्स घेणारा एक टेम्पो ठमाबाईला लागला आणि तिचं मनगट मोडलं. अनिल धावत आला, आईचं प्लास्टर बघून रडला, आणि रडून झाल्यावर त्याने हुकूम सोडला. महाड बंद. मे महिना संपला की गुरं विकायची आणि नालासोपाऱ्याला यायचं, त्याच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

"मला बाजारात फिराया लागतं रे," ठमाबाई म्हणाली.

"त्या बाजारात गाड्या बंद होतील ना आये, तेव्हा फिर," अनिल म्हणाला. "फिर काय, नाच त्या रोडवर! तेव्हा मी तुला न्यायचं नावपण काढणार नाय."

हे तिनेच मला सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर ती अनिलला न कळवता पुन्हा यायला लागली होती, पण आता मे उजाडला होता आणि तिची टकटकही जरा हळू झाली होती. नवव्या मजल्याचं नाव काढलं की ती गप्प व्हायची. ठमाबाई गप्प झाली की मला ते दुकान माझं वाटायचंच नाही.

त्याच सुमारास शहराच्या वाढीचा आराखडा करायला नेमलेली दर्शना नावाची मुलगी बाजारपेठेत उगवली. पुण्यात शिकलेली, बोलायला गोड आणि हट्टी. तिचं म्हणणं असं, की शहर हायवेच्या अंगाने फुगत चाललंय, नवी दुकानं तिकडेच निघतायत, आणि जुनी पेठ अशीच कोंदटलेली राहिली तर लोक इकडे फिरकायचेच बंद होतील. म्हणून गाड्या बाहेर मैदानात उभ्या करायच्या आणि पेठेतला रस्ता चालणाऱ्यांना मोकळा द्यायचा. झाडं लावायची, बाकं टाकायची, सावली करायची. आम्ही व्यापारी पेटून उठलो. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. "गिऱ्हाईक काय कुकर डोक्यावर घेऊन मैदानापर्यंत जाणार का?" असं मी सभेत विचारलं आणि टाळ्या घेतल्या.

शेवटी तोड निघाली. मेमधल्या एका रविवारी संध्याकाळपुरता प्रयोग करायचा. लोक आले तर बेत पुढे न्यायचा, रस्ता ओस पडला तर गुंडाळून ठेवायचा.

दर्शना त्याची पत्रकं ठेवायला माझ्या दुकानात आली, तेव्हा ठमाबाई माझ्या कढया वाजवत होती. गाड्या बंद हे शब्द कानावर पडताच कढई तिथेच राहिली.

"गाड्या बंद? खरंच? कुणी सांगितलं?"

"मीच सांगतेय आजी," दर्शना म्हणाली. "पण एकच रविवार. लोक आले तरच पुढे."

"कुत्रं येणार नाही," मी म्हणालो.

ठमाबाईने पत्रक उलटंसुलटं केलं. "ह्यानं कोण येणार गो? कागद देऊन सभेला बोलावतात. माणसाला बोलवायची रीत वेगळी हाय."

"मग तुम्ही बोलवाल?" दर्शनाने हसत विचारलं. बिचारीला काय ठाऊक!

त्या आठवड्यात ठमाबाईने जे केलं ते मला नंतर समजलं. तिने तांदळाला हळदकुंकू लावून अक्षता केल्या, पदराला गाठ मारली आणि डोंगर पालथा घातला. वाडीवाडीला गेली, दारादारात अक्षता दिल्या आणि म्हणाली, "रविवारी महाडच्या बाजारात या. नटून या. पोराबाळांना आणा." आपल्याकडे तोंडी बोलावणं हे बोलावणंच नसतं, अक्षत आली की माणूस बांधला गेला, हे तिचं गणित. ते बरोबरच होतं. फक्त हातात अक्षता पडल्यावर पुढचं कुणी ऐकत नाही, हे ती विसरली. मे महिना, चाकरमानी घरी आलेले, सगळ्या वाड्या भरलेल्या. लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं, की अनिलच्या मुलाचं, साहिलचं, लग्न आहे आणि ते महाडला आहे.

रविवार आला. चार वाजता पेठेच्या दोन्ही तोंडांना कठडे लागले. मंडपवाल्याची बाकं आली, कुंड्या आल्या, आणि माणूस मात्र एकही नाही. ऊन नुसतं रस्त्यावर पडून होतं. आम्ही व्यापारी पायऱ्यांवर बसून एकमेकांना टाळ्या देत होतो. नगरपालिकेचे मुख्याधिकारी साहेब घड्याळ बघत होते. दर्शनाचा चेहरा एवढासा झाला होता. ठमाबाई नवं लुगडं नेसून एका बाकावर बसली होती, आणि मी तिला सरबत पाठवलं तर तिने ते परत पाठवलं.

तेवढ्यात मैदानाच्या बाजूने सनई आणि ढोल ऐकू आला.

आधी बाजा दिसला. मग फेटे. मग नाकात नथी, केसांत अबोली, अंगभर अत्तर. जीपमागून जीप मैदानात रिकामी होत होती, आणि माणसांचा लोंढा कठड्याच्या फटीतून आत येत होता. दर्शनाने दोन्ही हात गालांवर ठेवले. मी उभा राहिलो, पण बघायला वेळ मिळालाच नाही, कारण पहिली टोळी थेट माझ्या दुकानात शिरली.

"शेट, आहेराला बरं दिसंल असं काय हाय?"

गिऱ्हाइकाला लग्न कुणाचं ते विचारू नये. मी तांबे काढले. तांबे संपले, मी ताटं काढली. ताटं संपली. मग लोक कळशांना हात घालू लागले, आणि मी माळ्यावर चढून एकेक नग खाली फेकत होतो आणि खालची माणसं ते झेलत होती. कुकर डोक्यावर घेऊन एक बाई रस्त्याने निघाली तेव्हा समोरचा कापडवाला मला बोट दाखवून हसला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

गर्दी जरा ओसरली तसा एक म्हातारा आत आला. फेटा, हातात नारळ. तो कुडपणचा भागोजी.

"शेट, मांडव कुठं हाय?"

"कसला मांडव?"

"अनिलच्या पोराच्या लग्नाचा!"

मी माळ्यावरून पडायचाच बाकी होतो. तसाच उतरून त्याला घेऊन ठमाबाईपुढे गेलो. तोवर सगळा डोंगर तिच्याभोवती जमला होता आणि जो तो नवरी कुठाय, नवरा कुठाय म्हणून विचारत होता. ठमाबाईला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं, आणि तिने तोंडावर पदर घेतला.

"लगीन नाय रे," ती म्हणाली. "रस्ता हाय."

बाजा थांबला. "रस्त्याला काय बघायचं?" भागोजी म्हणाला.

ठमाबाई उठली. रस्त्याच्या अगदी मधोमध गेली, कंबरेवर हात ठेवले आणि रमतगमत चालायला लागली. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. वळली, परत आली. "बघ," ती म्हणाली. "कोण हॉर्न मारतोय? कोण बाजूला सर म्हणतोय? आपण सगळी ह्या रस्त्याला भिंतीला चिकटून चालताव. आज मधून चाला!"

भागोजीने नारळ बगलेत मारला आणि एक पाऊल मध्ये टाकलं. मग दुसरं. आजूबाजूला बघितलं आणि एकाएकी हसायलाच लागला. मग काय विचारता! पोरं सुटली, बायका सुटल्या, नवे तांबे वाजवत लोक रस्त्याच्या मधून चालायला लागले. बाजेवाले म्हणाले, नटून आलोय तर वाजवूनच जाणार. बायकांनी फेर धरला. एकीने दर्शनाला ओढलं, दुसरीने साहेबांना. कापडवाला स्वतःहून आला. मीसुद्धा नाचलो, आणि त्याबद्दल मला कुणी विचारायचं काम नाही.

ऐन रंगात कठड्यापाशी एक गाडी कर्कश हॉर्न मारत थांबली. आतून अनिल उतरला, घामाघूम. सकाळपासून त्याला अभिनंदनाचे फोन येत होते. बायको सुरेखा त्याच्याशी बोलत नव्हती, कारण पोराचं लग्न तिला न विचारता ठरवलं असा तिचा समज झाला होता. आणि मागच्या सीटवर साहिल बसला होता, नवा शर्ट घालून. न जाणो, खरं असलं तर!

"गाडी आत सोडा!" अनिल ओरडला.

"आज गाड्या बंद आहेत," दर्शना धापा टाकत म्हणाली.

"कुणी केल्या बंद?"

सगळ्यांनी फेराच्या मधोमध बोट दाखवलं. अनिलने बघितलं. त्याची आई नाचत होती. मोडून जुळलेलं मनगट वर, पदर खोचलेला, आणि गाणं दुसऱ्याच कुठल्या तरी लग्नातलं. ती त्याला बघून नाचता नाचताच ओरडली, "तूच बोल्लेलास रे! गाड्या बंद, मंग नाच!"

सुरेखा आधी हसली. मग साहिल. शेवटी अनिल गाडीच्या बॉनेटला टेकून हसत बसला, डोळे पुसत.

साहेबांनी तिथेच, एका बाकावर उभं राहून जाहीर केलं, की पावसाळा संपेपर्यंत दर रविवारी पेठेत गाड्या बंद. व्यापाऱ्यांची काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. माझ्या फळ्यांवर त्या वेळी एक झारा शिल्लक होता. मी म्हणालो, हरकत कोण घेतोय?

अनिल माझ्या पायरीवर येऊन बसला. रसवंतीवाला, फोटोवाला, फुलवाली, जो जाईल तो त्याच्या आईला नावाने हाक मारत होता. "शेट, माझ्या बिल्डिंगीत मला कुणी ओळखत नाय," तो म्हणाला. "आईला मी तिथं न्यायला निघालेलो. गुरं राहू देत. ती पण राहू दे इथंच."

जायची वेळ झाली. तो कठड्यापर्यंत गेला आणि हात वर करून उभा राहिला. ठमाबाईचं लक्षच नव्हतं. ती भागोजीला घेऊन बाजारपेठ दाखवत निघाली होती. तिला हाक मारू का, असं मी अनिलला विचारलं.

"नको शेट," तो म्हणाला. "माझ्या लग्नातसुद्धा आय एवढी खूश नव्हती."