जेवण म्हणजे काम

कॉव्हेंट्रीच्या आमच्या डेपोत डिजिटल टॅकोग्राफ आला आणि लॉरी किती चालवली, विश्रांती किती घेतली याची नोंद कागदी चकतीऐवजी कार्डावर होऊ लागली. पहिल्या फेरीला माझ्यासोबत निवृत्तीला टेकलेला एक इंग्रज ड्रायव्हर होता. या यंत्रापुढे दोघंही शिकाऊच.

मिल्टन कीन्सजवळ थांबून आम्ही पाऊण तास जेवलो. माझ्या बायकोची थालीपिठं त्याने मिटक्या मारत संपवली. निघताना बघतो तर यंत्राच्या पडद्यावर विश्रांतीच्या पलंगाच्या चिन्हाऐवजी कामाच्या हातोड्यांचं चिन्ह! विश्रांतीचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"यंत्राच्या मते आपण जेवत नव्हतो, राबत होतो," तो हसत म्हणाला. "कायद्याने पाऊण तास विश्रांती नोंदवावीच लागते. आता पुन्हा तेवढा वेळ बसायचं."

या वेळी बटण दाबून बसलो. एरवी 'मॉर्निंग'पलीकडे न बोलणारा तो माणूस वारलेल्या बायकोबद्दल, तिच्या गुलाबांबद्दल बोलत राहिला. मी पुण्याच्या आईबद्दल सांगितलं. तसं निवांत बोलणं रस्त्यावर पुन्हा क्वचितच झालं.

रिटायर झाल्यावरही तो बरीच वर्षं रविवारी आमच्याकडे यायचा. माझ्या मुली त्याला आजोबाच म्हणायच्या.