कलेचं चॅनेल पाहायचं कसं

सुमनवहिनी, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी तुम्ही दशम्यांचा डबा घेऊन दारात उभ्या होतात आणि भाऊसाहेब गाडीच्या खिडकीशी वाकून सरांना म्हणाले, "सर, संध्याकाळचं आता मी कुनाकडं बसू?" खिडकीतून हात बाहेर काढून सरांनी भाऊसाहेबांचा खांदा चाचपला आणि तिथेच धरून ठेवला. आमच्या महेशने मागे सामान कोंबलं, मी कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. गाडी कोरेगावच्या रस्त्याला लागली. मग सरांनी विचारलं, "महेश, तिकडे आपलं ते चॅनेल लागतं ना?"

"लागतं हो आप्पा. तिकडे सगळं लागतं," महेश म्हणाला.

हे मी तुम्हाला लिहितेय, पण इथे आमच्या सोसायटीत माझ्यासारख्याच, मुलांच्या मागोमाग गाव सोडून आलेल्या दोघीतिघी आहेत. त्यांनाही वाचून दाखवणार आहे. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगते.

सर म्हणजे माझे यजमान. जन्मभर हायस्कुलात चित्रकला शिकवली. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर मीही सरच म्हणायला लागले. रिटायर झाल्यावर त्यांनी घरावर टीव्हीची छत्री बसवून घेतली ती त्या एका चॅनेलसाठी. त्यावर बातम्या नाहीत, मालिका नाहीत. दिवसभर गाणं, नाच, नाटक, चित्रं, कुठल्या तरी कुंभाराचं चाक, कुठल्या तरी विणकराचा माग. आमच्या घरात त्याला 'कलेचं चॅनेल' म्हणायचे. संध्याकाळ झाली की एसटीतून रिटायर झालेले तुमचे भाऊसाहेब शेजारून चप्पल काढून आत यायचे, दोघं शेजारी बसायचे आणि सर त्यांना चित्रातलं सांगायचे. मी आत असायची. तबला, घुंगरू सगळं मला कानाने माहीत. पडदा मी पाहायची तो चहाचे कप ठेवताना आणि उचलताना.

मग सरांच्या डोळ्यांचं सुरू झालं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. त्यात डोळा पुरता जात नाही, मधलं जातं आणि कडेचं राहतं. समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला. महेश म्हणाला, "मग इकडेच या. माझ्या डोळ्यांसमोर तरी राहाल."

असे आम्ही खारघरला आलो. बाराव्या मजल्यावर. महेश आणि आमची सूनबाई प्राची दोघंही ऐरोलीला आयटीत. सकाळी डबे घेऊन जातात, दिवेलागणीनंतर येतात. घर छान आहे, हवा आहे, समोर डोंगर आहे. टीव्ही तर भिंतभर. पण वहिनी, त्या टीव्हीला चॅनेलच नाहीत. केबल नाही, छत्री नाही, सगळं इंटरनेटवर. गावाकडे बटण दाबलं की जे चाललंय ते दिसायचं. इथे टीव्ही आधी विचारतो, काय पाहायचंय? आणि ते सांगता आलं पाहिजे.

महेशने पहिल्या रविवारी सरांना एक मोठी मैफल लावून दिली, कधीतरी रेकॉर्ड केलेली. सरांनी थोडा वेळ ऐकली आणि म्हणाले, "हे नको रे. आत्ता जे चाललंय ते लाव."

"आप्पा, हे पण तेच आहे. उलट पाहिजे ते पाहिजे तेव्हा बघता येतं."

"मला पाहिजे ते नकोय. ते काय देतायत ते पाहिजे."

महेशला ते कळलं नाही, आणि खरं सांगते, मलाही नाही. सर उठून बाल्कनीत जाऊन बसले. मग रोजच बसायला लागले. विचारलं की बोलायचे, नाहीतर नाही. दवाखान्यातून आलो की हातातली पिशवी सोफ्यावर ठेवून सरळ बाल्कनीत. एकदा म्हणाले, "इंजेक्शनं संपली की परत जायचं." डोंगराकडे तोंड करून म्हणाले, त्यामुळे ते मला म्हणाले की स्वतःला, ते समजलं नाही. मला त्यांच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली होती.

मी कोणाला काही न सांगता खाली जाऊन वॉचमनकडून केबलवाल्याला बोलावलं. तो आला, मोबाईलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "आजी, तो चॅनेल आपल्या पॅकमधे नाय येत. कोन बघतच नाय ना तो. दुसरा काय पायजे तर बोला, टेन्शन नको."

आमचं हे बोलणं दारातच चाललं होतं. समोरच्या फ्लॅटचं दार अर्धं उघडं होतं. तिथे हमीदाआपा राहतात, मुलीकडे. मूळच्या कोकणातल्या, म्हसळ्याकडच्या. तोवर लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. केबलवाला गेल्यावर त्या बाहेर आल्या. "वहिनी, नाचगान्याचा तो चॅनेल ना? आमचेकडं हाय. जुन्या मालकाची छत्री हाय वर गच्चीवर. या ना तुमी, सरांना घेवन या."

सर आधी तयार होईनात. "दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघायला जायचं?" मी म्हटलं, "भाऊसाहेब नाही का यायचे?" संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

आपांनी त्यांना टीव्हीजवळची खुर्ची दिली. सर मान तिरकी करून बसले, डोळ्यांच्या कडेने पाहायला. कोणीतरी सरोद वाजवत होतं. सरांचा हात गुडघ्यावर चालायला लागला, तेव्हा मी इतक्या दिवसांनी नीट श्वास घेतला असेल. सरोदवादन संपलं आणि चित्रांचा कार्यक्रम लागला. त्यात कोणी बोलत नाही. नुसती बासरी, आणि चित्रावरून कॅमेरा सावकाश फिरतो.

सर म्हणाले, "काय आहे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, "होडी आहे."

"कुठे?"

"चित्रात."

"अगं, चित्रात कुठे? वर, खाली, मधे?"

"खाली. डावीकडे. वाळूवर ओढून ठेवलीय. अर्धीच दिसतेय."

"आणि उजेड कुठून येतोय?"

वहिनी, त्या घरात मी चाळीसेक वर्षं रंगांच्या डब्या पुसून ठेवल्या, ब्रश धुतले, पण उजेड कुठून येतो हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली. पाहिलं. होडीची एक बाजू उजळ होती, दुसरी काळपट, आणि तिची सावली आपल्याकडे पडली होती. "समोरून येतोय," मी म्हटलं. "लांबून, पाण्याच्या मागून. मावळतीचा असेल. होडीत जाळं पडलंय, त्यावर कोणी बसलेलं नाही."

"पाणी कसलं?"

"निळं."

"निळा नाय तो," मागून आपा म्हणाल्या. त्या चहा घेऊन उभ्याच राहिल्या होत्या. "खाडी अशी असते ओहोटीला. चिखलाचा निळा. बघा की, काळा पन हाय त्यात, हिरवा पन हाय."

सर हसले. मोठ्याने नाही, पण हसले. "आता दिसलं," ते म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही आपांकडे. त्यांची त्या वेळची मालिका बुडायची, तर म्हणायच्या, "सकाळी परत लागते, माजा काय अडत नाय." पहिल्यांदा मी फार भराभर सांगायची, भाजीची यादी वाचावी तसं. सर थांबवायचे. "आधी मोठं सांग, मग बारीक. आधी कोण कुठे आहे ते सांग, मग नेसलंय काय ते." नाच असला की आणखी अवघड. मुद्रा काय केली ते सांगेपर्यंत बाई पुढे गेलेली. सर म्हणाले, "हात सोडून दे. पाय मला ऐकू येतात. तू फक्त तिच्या तोंडाकडे बघ आणि तिला काय झालंय ते सांग." ते मला जमायला लागलं. रुसलीय, वाट बघतेय, खोटंच रागावलीय. आपा आणि माझं यावरून वाद व्हायचे. माझ्या मते ती रुसलेली, आपांच्या मते दमलेली. निकाल सर द्यायचे, ज्यांना तिचा चेहराच दिसत नव्हता.

घरी मात्र महेश नाराज झाला. एकदा तो लवकर आला तर घराला कुलूप. आम्ही समोरून आलो. तो म्हणाला, "आई, भिंतभर टीव्ही आहे आपल्याकडे. लोक काय म्हणतील, यांचे आईवडील शेजाऱ्यांकडे जाऊन टीव्ही बघतात?" त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्याला लागलं होतं. सगळं लागतं म्हणून त्याने गाडीतच सांगितलं होतं ना.

शनिवारी प्राचीला सुट्टी असते. ती लॅपटॉप घेऊन बसली आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. ते चॅनेल स्वतःच इंटरनेटवर लाइव्ह असतं, फुकट, आत्ता जे चाललंय तेच. आम्ही कोणी नीट शोधलंच नव्हतं. "आप्पांना लावून देऊ?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला शिकव."

शिकायला आठवडा गेला. रिमोटवर माइकचं बटण आहे, त्यात बोललं की टीव्ही ऐकतो म्हणे. मी 'कलेचं चॅनेल' म्हटलं तर त्याने मला केळ्याचे वेफर्स कसे करायचे ते दाखवलं. पुन्हा म्हटलं तर केळीची लागवड. सर बाल्कनीतून म्हणाले, "एपीएमसीचं फळमार्केट लागलं वाटतं." शेवटी प्राचीने माइकचा नाद सोडला. दुसऱ्याच एका बटणावर आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका काढून दिला. आधी ठिपका, मग उजवीकडे सरकत जायचं, त्या चॅनेलचं चित्र आलं की गोल बटण दाबायचं आणि चक्र फिरत असताना हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आता मी ते न चुकता लावते. आपा संध्याकाळी आमच्याकडे येतात. पाऊसपाण्याचं नेट गेलं की आम्ही त्यांच्याकडे.

भाऊसाहेबांना मीच फोन करून सांगितलं, तुमच्या घरच्या छत्रीवर त्याच वेळी लावत जा. दोन्हीकडे फोन स्पीकरवर ठेवतो. तिथे एक गंमत झाली. छत्रीवरचं आधी येतं आणि इंटरनेटवरचं थोडं मागून. म्हणजे तबलजी समेवर आला की भाऊसाहेब गावाकडून "वाह" म्हणायचे, आणि खारघरात अजून समच आलेली नसायची. सर फोनकडे वाकून म्हणायचे, "भाऊसाहेब, जरा दम धरा. आमची यायचीय." महेशने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो दारातच लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन उभा राहिला. मग बूट काढून सरांच्या पायाशी येऊन बसला. त्याला नाचातलं काही कळत नाही. पण बसला.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आहे तेवढं टिकलंय, गेलेलं परत येणार नाही, आता मधूनमधून दाखवायला आलात तरी चालेल. घरी आल्यावर महेशने चाचरतच विचारलं, "मग आप्पा, गावी जायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

सर माझ्या बाजूला मान तिरकी करून म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?"

वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते. वडिलांच्या घरून मी आपल्या गावी आले, तिथून खारघरला, पण कुठे राहायचं हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. न विचारण्यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं, तशी रीतच नव्हती. मला गावची आठवण येते. तुमच्या अंगणातली जास्वंद, पहाटेची गार फरशी, दुपारी तुम्ही भिंतीपलीकडून मारलेली हाक, हे इथे कशानेच भरून निघत नाही. तरीही माझ्या तोंडून निघालं, "इथेच राहू. उन्हाळ्यात गावाला जाऊ."

"का गं?" सरांनी विचारलं.

"तिथे मी तुमचं चॅनेल ऐकायची. इथे मला ते पाहायला मिळतं."

सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. प्राचीने उगीचच पाण्याची बाटली भरायला घेतली.

इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथल्या चुलीपाशी आपण उभं राहतो ते. आता वाटतं, घर म्हणजे जिथे आपली बसायची एक जागा आहे आणि आपण काय पाहतोय हे कोणीतरी विचारतंय. ती जागा मला या बाराव्या मजल्यावर मिळाली, याचं थोडं नवल वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं, कारण ती आपल्या गावच्या घरातही होती, पडवीतल्या टीव्हीसमोरच होती. बसायचं मात्र राहून गेलं.

तुमचंही राहिलंच असेल. भाऊसाहेब रोज लावतात, फोनवर वाह म्हणतात, आणि मागे कढईचा आवाज येतो तो तुमचाच असतो. उन्हाळ्यात आम्ही येतोय. तेव्हा आपण दोघी पुढच्या खुर्च्यांवर बसू, आणि चहा त्या दोघांना करू दे.