खालाची नजर

सीताफळाच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवायचा, फळ नाकाशी न्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघत म्हणायचं, "लई गोड हाय, बिनघोर घे." अंबाजोगाईत आमच्या शाळेच्या फाटकाशी टोपली घेऊन बसणाऱ्या या बाईला सगळे खाला म्हणत.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवतो. तुमच्या ओळखीत कुणी चित्रकार असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, चाळिशी उलटली आणि चित्रं खपेनाशी झाली की त्याला अध्यात्म सुचतं. मलाही सुचलं. 'मानवी चेहरा ही आत्म्याची खिडकी' असं मी वहीत लिहिलं आणि खिडकी शोधायला निघालो. ती फाटकाशीच सापडली. काय ती दूरवर लागलेली नजर! माणसांत असून माणसांपलीकडची!

"खाला, तुमचं चित्र काढू?"

"काढ की. पण टोपली सोडून मी कुटं येणार न्हाई."

मग रोज मधल्या सुट्टीत मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसू लागलो.

"खाला, अस्संच दूर बघत राहा."

"मी तुज्याकडंच बघायले, बाबा."

मी थरारलो. असं उत्तर विरक्त माणसालाच सुचतं! तेही वहीत टिपून ठेवलं.

सात चेहरे झाले. बीडला एका सभागृहात ते मांडले, शेजारी माझा मजकूर लावला : 'विरक्तीची दृष्टी'. लोक माना डोलावत वाचत होते. एक डॉक्टरीणबाई चित्राच्या इतक्या जवळ गेल्या, की मला वाटलं, आता हे खपलं.

"डोळे हुबेहूब काढलेत हो," त्या म्हणाल्या. "दोन्हींत मोतीबिंदू पिकलाय. कुणाला दाखवलं का यांना?"

तीन महिने मी त्या डोळ्यांत बघत होतो. बाहुलीतली ती पांढुरकी छटा जमावी म्हणून कितीदा रंग कालवला होता!

दुसऱ्या दिवशी फाटकाशी जाऊन विचारलं, "खाला, दिसत नाही हे सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा? रोज म्हणायचास, काय डोळे हायत, काय डोळे हायत! म्हनलं, मास्तर शिकलेला हाय, चांगलेच असतील."

सरकारी दवाखान्यात तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं. "आवाजावरून पोरगा वाटत हुतास की रे!" मी बरोबर नेलेलं चित्र पुढं धरलं. ती बराच वेळ बघत राहिली. "ही बाई कुनाला हुडकायली?" तिनं विचारलं. 

त्याच आठवड्यात ती लेकीबरोबर सिरसाळ्याला गेली आणि तिकडचीच झाली. फाटकाशी आता कुणी बसत नाही.

मला आठवते ती निघायच्या दिवशीची. लेक चार वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आली होती. खालानं पोरीला खाटेशी ओढलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. पोर हसली.

"अगं, हिच्या गालाला खळी पडती!" खाला लेकीवर चिडली. "मला कुनी सांगितलं कसं न्हाई?"

मग तिनं ते तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अगदी जवळ घेतलं. माझ्या खिशात पेन्सिल होती, कागद होता. पण दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या, की मला एकीचाही चेहरा दिसत नव्हता.